फड सोडलेल्यांची गाणी

सोलापूरच्या राम जोशीची गोष्ट गावाला तोंडपाठ आहे, निदान राजकमलच्या 1947 सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटामुळे तरी. ब्राह्मण घरातला मुलगा तमाशाच्या नादी लागला, लावण्या रचू लागला आणि थोरल्या भावाने, मुद्गल जोशीने, त्याला घराबाहेर काढले. पुढे तो पंढरपुरी जाऊन संस्कृत शिकला, परतून कीर्तने करू लागला, बारामतीला मोरोपंतांची गाठ पडली आणि पंतांच्या आर्या त्याने कीर्तनांतून लोकांच्या ओठी घातल्या, असे परंपरा सांगते. डफ ठेवून चिपळ्या उचलल्याचा प्रसंग आख्यायिकांनी इतका रंगवला आहे, की त्यातले खरे किती हे वेगळे काढणे कठीण. त्याच्या रचना मात्र समोर आहेत. संस्कृत वृत्तांचा ठसका, अनुप्रासांची आतषबाजी, शब्दावर शब्द आपटत जाणारी लय हे सारे त्याच्या शृंगारात आहे आणि वैराग्यातही तसेच आहे. ढोंगी साधूंवर त्याने कोरडे ओढले ते फडावर कमावलेल्या शब्दांनीच.

गाणारा माणूस श्रद्धेपायी आपला फड सोडतो तेव्हा त्याच्या गाण्याचे काय होते? आणि त्याच्या श्रोत्यांचे? हा प्रश्न फक्त सोलापूरचा नाही, फक्त अठराव्या शतकाचाही नाही. अमेरिकेतल्या रॉक संगीताच्या जगात गेली वीसेक वर्षे तो एका माणसाभोवती फिरतो आहे. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत मोठे उत्तर अहमदनगरला राहणाऱ्या एका कवीने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

आधी अमेरिकेतला माणूस. नील मोर्स, जन्म 1960, वडील समूहगायनाचे संचालक. 1992 च्या सुमारास त्याने भाऊ अ‍ॅलन याच्याबरोबर ‘स्पॉक्स बिअर्ड’ नावाचा बँड उभा केला आणि 1995 मध्ये पहिला अल्बम काढला. प्रोग्रेसिव्ह रॉक हा प्रकार तेव्हा जुनापुराणा ठरला होता. 1970 च्या आसपास किंग क्रिमझन, येस, जेनेसिस या इंग्लिश बँडांनी तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून वीस-वीस मिनिटांच्या रचना केल्या, ताल मध्येच बदलले, एकाच कथेवर आख्खा अल्बम बेतला. पंक संगीताच्या लाटेने पुढे त्यांची टर उडवली. मोर्सने ती परंपरा पुन्हा उचलली आणि दहा वर्षांत तो या क्षेत्रातला बडा गीतकार झाला. ‘ट्रान्सअटलांटिक’ या चौघांच्या बँडमध्येही तो होता. ड्रीम थिएटर या बँडचा ढोलवादक माइक पोर्टनॉय त्यात त्याच्या जोडीला होता. 2002 मध्ये ‘स्नो’ हा दुहेरी अल्बम बाहेर पडला आणि लगेच मोर्सने जाहीर केले की आपण स्पॉक्स बिअर्ड सोडत आहोत. कारण श्रद्धेचे होते. तो ख्रिस्ताकडे वळला होता आणि पुढचे गाणे त्याला ख्रिस्ताबद्दल करायचे होते.

त्याने लगोलग 2003 मध्ये ‘टेस्टिमनी’ काढला. दोन तबकड्या, पाच भाग आणि विषय स्वतःचेच आयुष्य: फसलेली वर्षे, दारू, लग्न, वळण. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये उभे राहून साक्ष देतात तशी ही साक्ष, फरक इतकाच की सोबत व्हायोलिने, ऑर्गन आणि सात मात्रांचे ताल. मुलीच्या हृदयात जन्मतः छिद्र होते, ती बरी झाली. तो भाग त्याने 2011 च्या ‘टेस्टिमनी 2’ मध्ये सांगितला. मध्ये 2007 मध्ये मार्टिन ल्यूथरवरचा ‘सोला स्क्रिप्चुरा’ आला. त्यात सव्वा तासाच्या अवधीत रचना चारच आहेत आणि पहिलीच जवळपास अर्ध्या तासाची आहे.

श्रोत्यांत दोन तट पडले. एका गटाला वाटले, माणूस चांगला होता, आता प्रवचनकार झाला. दुसऱ्या गटाला, त्यात चर्चच्या बाकावर बसणारे पुष्कळ, वाटले की संगीत छान आहे पण रविवारी हे गायचे कसे? मोर्सने त्यांच्यासाठी साधी भक्तिगीतेही वेगळी काढली. ती ऐकली की मामला उघड होतो: श्रद्धा तीच, गळा तोच, पण लांब रचनांमधला झगडा त्यांत नाही. मोर्सची ताकद शंकेला आणि पडझडीला वेळ देण्यात आहे. जिथे तो उत्तर आधीच माहीत असल्यासारखा गातो तिथे गाणे सपाट होते. 2004 च्या ‘वन’मध्ये देवापासून दुरावलेला माणूस भटकत राहतो तो भाग उंच आहे, भेट झाल्यानंतरचा गोडवा मात्र थोडा साखरेचा आहे.

मराठी कानाला या लांब रचना परक्या वाटायचे खरे तर कारण नाही. नारदीय कीर्तनात नमन होते, एक अभंग निरूपणाला घेतला जातो, पूर्वरंगात त्याचे तत्त्व उलगडते, मग उत्तररंगात आख्यान लागते आणि शेवटी बुवा सगळे पुन्हा त्या पहिल्या अभंगापाशी आणून सोडतात. मोर्सचा अल्बमही असाच बांधलेला असतो: आरंभीच्या वाद्यतुकड्यात सगळ्या चाली ओझरत्या दाखवायच्या, मध्ये कथा, शेवटी पहिली चाल भरगच्च करून परत. रॉक समीक्षक याला स्वयंमग्न पसरटपणा म्हणतात. अडीच तास कीर्तनात बसलेल्या माणसाला तो पसरट वाटेलच असे नाही.

आणखी एक धागा तर थेट मराठीतच गुंतलेला आहे. मोर्सच्या बँडचा 2016 मधला ‘द सिमिलिट्यूड ऑफ अ ड्रीम’ हा दुहेरी अल्बम जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या सतराव्या शतकातल्या रूपककथेवर उभा आहे; 2019 च्या ‘द ग्रेट अ‍ॅडव्हेंचर’मध्ये त्याच कथेचा पुढचा भाग आहे. हरिपंत केशवजी यांनी 1841 मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने हीच कथा मराठीत आणली. म्हणजे पाठीवर ओझे घेऊन निघालेला तो यात्रेकरू नॅशव्हिलच्या स्टुडिओत पोचण्याआधी पावणेदोनशे वर्षे मराठीत चालत होता. दरवर्षी पायी निघणारी माणसे पाहण्याची सवय असलेल्या प्रदेशात त्याला वाट पुसावी लागली नसेल.

मोर्स काही पहिला नव्हे. ‘कॅन्सस’ या अमेरिकन बँडचा गीतकार केरी लिव्हग्रेन 1979 मध्ये ख्रिस्ती झाला, 1980 मध्ये त्याने ‘सीड्स ऑफ चेंज’ हा स्वतःचा अल्बम काढला आणि तीनेक वर्षांत बँड सोडला. बॉब डिलनने 1979 ते 1981 या काळात लागोपाठ तीन ख्रिस्ती अल्बम केले. कार्यक्रमांत जुनी गाणी गायला तो नकार देत होता आणि प्रेक्षक ओरडत होते. कॅट स्टीव्हन्स मुसलमान झाला, यूसुफ इस्लाम झाला, गिटारी लिलावात काढून मोकळा झाला आणि पॉप संगीतात परतायला त्याला 2006 उजाडले. तिघांच्या तीन तऱ्हा आहेत: एकाने जुने हत्यार नव्या कामाला लावले, दुसऱ्याने काही वर्षे लावले आणि मग गुपचूप इतरही कामे सुरू केली, तिसऱ्याने हत्यारच टाकले.

उलट बाजूची एक गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. येस बँडचा गायक जॉन अँडरसन 1973 मध्ये टोकियोत असताना परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र वाचत होता. त्यातल्या हिंदू शास्त्रांवरच्या एका तळटीपेने तो इतका भारावला की त्यातून ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा चार बाजूंचा, चारच रचनांचा अल्बम निघाला. कीबोर्डवादक रिक वेकमनला त्यात रस वाटेना. मँचेस्टरच्या एका कार्यक्रमात त्याने व्यासपीठावरच, कीबोर्डाआड बसून, करी मागवून खाल्ली. थोड्याच महिन्यांत त्याने बँड सोडला. तळटीप भारतीय, करीही भारतीय. बँडला एकत्र ठेवायला दोन्ही पुरी पडली नाहीत. अशा वेळी श्रद्धावंताचा फड त्याला सोडून जातो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

आता मराठीकडे. इथे प्रश्न जास्त खोल जातो, कारण इथे ख्रिस्ती होणाऱ्या गीतकाराला फड, जात, घर आणि बऱ्याचदा बायकोसुद्धा एकाच दिवशी दुरावत असे.

सुरुवात मात्र परक्या माणसाने केली. थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि चाळीस वर्षे तिथल्याच साष्टी भागात राहिला. 1616 मध्ये राचोलच्या छापखान्यातून त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत बाहेर पडले. जुना करार आणि नवा करार अशी दोन पुराणे, सुमारे अकरा हजार ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची तक्रार अशी, की जुनी पुराणे हातून गेली आणि त्यांच्या जागी ऐकायला काही नाही. स्टीफन्सने ती तक्रार रास्त मानली आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या घाटाचीच ओवी उचलली. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, तरी पुराण टिकले. गोव्याहून दक्षिणेला गेलेल्या कुटुंबांनी ते नेले आणि 1907 ची प्रसिद्ध आवृत्ती मंगळूरला निघाली. पुढे देवनागरीतले एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडले, ते हुडकणारे जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे. याच अ‍ॅबटांनी निवृत्तीनंतर मराठी संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरे करून एक आख्खी मालिका उभी केली.

एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांना मात्र स्टीफन्सची ही दृष्टी सुरुवातीला नव्हती. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आले, 1831 मध्ये नगरला स्थिरावले आणि 1860 च्या दशकात त्याचे काम सोलापुरात सुरू झाले. उपासनेला गाणी हवीत म्हणून इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे झाली आणि ती मूळ चालींवरच म्हटली जाऊ लागली. तिथे घोटाळा होता. इंग्रजी स्तोत्राची ओळ आघातांवर चालते: आठ अक्षरे, सहा अक्षरे, पुन्हा आठ, पुन्हा सहा. मराठीत तो आघात नाही. इथे लघु-गुरू आहेत, मात्रा आहेत, नाहीतर अभंगाचा सहा-सहा-सहा-चारचा मोकळा हिशेब आहे. त्यामुळे इंग्रजी चालीवर ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ अक्षर गुदमरे आणि गाणाऱ्याला आपलीच भाषा उसनी वाटे. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी 1860 च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन सुरू केले ते या अडचणीवरचे पहिले घरचे उत्तर. येशूची कथा, पण उभे राहून, टाळ-मृदंगावर, साकी-दिंडीच्या चालीत. गावकुसाबाहेरच्या ज्या महार-मांग वस्त्यांतून मिशनला बहुसंख्य माणसे मिळाली, त्यांना ऑर्गनपेक्षा एकतारी आणि ढोलकी कितीतरी जवळची होती. त्यांनी हे कीर्तन लगेच आपले केले यात नवल नाही.

मग नारायण वामन टिळक आले. जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. शीघ्रकवी, वक्ते, चंचल. नोकऱ्या धरणे-सोडणे हा नित्यक्रम. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्याने हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घरी कळले तेव्हा काय झाले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे आणि मराठी गद्यात त्या तोडीचे फार थोडे आहे. पुढची साडेचार-पाच वर्षे नवरा-बायको वेगळी राहिली. लक्ष्मीबाईंचा त्यातला काही मुक्काम पंढरपुरात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातच होता. नवरा ख्रिस्ताच्या मागे आणि बायको विठ्ठलाच्या दारी. पुढे त्या नगर-राहुरीकडे नवऱ्यापाशी आल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही, स्वतःच्या हिशेबाने आणि स्वतःच्या वेळी, बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या गीतांचे वैशिष्ट्य सांगताना लोक चटकन ‘ख्रिस्ती आशय, हिंदू रूप’ असे म्हणतात. हे वर्णन अपुरे आहे. रूप हे भांडे नसते. अभंग घेतला की त्याच्याबरोबर अभंगाची सलगी येते: देवाला जाब विचारणे, त्याच्याशी भांडणे, त्याला आई म्हणणे, शेवटच्या चरणात आपले नाव घालून स्वतःला त्याच्या पायाशी उभे करणे. इंग्रजी स्तोत्रांतला देव बराचसा राजा आहे. टिळकांच्या अभंगांतला ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे, सखा आहे. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते म्हणत. पूल ओलांडल्यावर तो जाळायचा नसतो हे त्यांना कळले होते आणि मराठी चर्चला ते त्यांनी शिकवले. ‘अभंगांजली’त आणि ‘उपासना संगीता’त त्यांची गीते विखुरली आहेत. निकोल मॅकनिकल यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरांमुळे त्यांतली काही पाश्चात्त्य चर्चांच्या स्तोत्रसंग्रहांतही गेली. इंग्रजी स्तोत्रे मराठीत आणण्यापासून सुरू झालेला व्यापार असा उलटा फिरला.

टिळकांनी जुना फड सोडला का? कवितेचा तर मुळीच नाही. 1907 मध्ये जळगावला पहिले कविसंमेलन भरले त्यामागे त्यांची धडपड होती. तिथेच त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि पुढे तो मुलगा नगरला टिळकांच्याच घरी येऊन राहिला. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, मुलांसाठीच्या कविता या साऱ्या धर्मांतरानंतरही चालूच होत्या. 1912 पासून मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग त्यांच्या हाती होता. त्यांनी सोडला तो दुसराच फड. 1917 च्या सप्टेंबरात त्यांनी मिशनच्या पगारी सेवेतून अंग काढले, संन्यास जाहीर केला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघांनाही स्थान होते. मंडळीतल्या पुष्कळांना हे रुचले नाही. दीड-पावणेदोन वर्षे मिळाली. 9 मे 1919 रोजी टिळक वारले. पाश्चात्त्य बोलीत ज्याला ‘सोलो’ कारकीर्द म्हणतात ती त्यांची एवढीच, आणि तीसुद्धा एकट्याने गाण्यासाठी नव्हती.

त्यांनी 1909 च्या सुमारास सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शाळेत न गेलेल्या बाईने साठाहून अधिक अध्याय रचले आणि 1936 मध्ये त्या गेल्यावर, 1938 मध्ये, ग्रंथ छापून निघाला. नवऱ्याची काव्यशैली पंडिती, बायकोची ओवी बोलकी. सांधा कुठे आहे हे वाचणाऱ्याला हाताला लागते. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ असमान आहे, काही अध्याय निव्वळ कथा उरकतात. पण स्वयंपाकघर, पाणवठा, आजारी मूल असे काही आले, की लक्ष्मीबाईंची ओवी टिळकांच्याही पुढे जाते.

टिळकांच्या वाट्याला पुढे जे आले ते मोर्सच्या वाट्याला आले त्याहून चमत्कारिक आहे. मोर्सचे श्रोते दोन गट होऊन भांडले तरी दोघे तेच अल्बम ऐकत होते. मराठीने टिळकांचेच दोन तुकडे केले. शाळेच्या पुस्तकांनी ‘फुलामुलांचे कवी’ ठेवून घेतले: पक्षीण, फूल, लहान मूल. चर्चने रेव्हरंड टिळक ठेवून घेतले. पहिल्या वाचकाला त्यांचे अभंग माहीत नाहीत, दुसऱ्या गाणाऱ्याला बऱ्याचदा ‘वनवासी फूल’ माहीत नाही. ‘स्मृतिचित्रे’ घराघरांत वाचली जाते, विजया मेहतांनी तिच्यावर केलेल्या चित्रपटातल्या सुहास जोशींच्या लक्ष्मीबाई अनेकांना आठवतात. पण ज्या गाण्यांपायी त्या घरात एवढे रामायण घडले ती गाणी कुणी मागत नाही. संतसाहित्याच्या अभ्यासक्रमात हे अभंग नसतात, कारण ते ख्रिस्ती. आणि ख्रिस्ती धर्मशिक्षणात अभंगपरंपरा नीट शिकवली जात नाही, कारण ती वारकरी. अशी विभागणी राम जोशीच्या बाबतीत कुणी केली नाही. त्याची लावणी आणि त्याचे कीर्तन एकाच पुस्तकात छापले जाते.

तरीही कुंपण ओलांडणारी माणसे होत राहिली. नगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले शाहू मोडक पडद्यावर कितीदा कृष्ण झाले याचा हिशेब ठेवणे कठीण. 1940 च्या प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर तेच होते आणि लोक त्यांच्या पाया पडत. दुसऱ्या टोकाला नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा मुंबईच्या इंग्रजी रॉकमध्ये वाढला, 1974 मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो जूडास झाला आणि चारेक वर्षांनी जब्बार पटेलांनी बसवलेल्या, पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त गायला. पटेल पंढरपुरात जन्मलेले, सोलापुरात शिकलेले. मराठी रंगभूमीवर रॉक आणि तमाशाचा सांधा जुळला त्यात सोलापूरचा असा वाटा आहे. येशूवरच्या रॉक ऑपेरातली सर्वांत अवघड, शंकेची गाणी जूडासच्या तोंडी असतात. ती एका मराठी मुलाने गाजवली. श्रद्धेचा विषय रॉकमध्ये कसा गातात, याचा तो इथला पहिला मोठा धडा. दुर्दैवाने मराठी ख्रिस्ती संगीताने तो गिरवला नाही, आणि मराठी रॉकनेही तो नाटकापुरताच ठेवला.

शंकेसाठी जागा कमी होत चालली आहे हे आजच्या ख्रिस्ती गाण्यांचे खरे दुखणे. कीबोर्डावरचा तयार ठेका, हिंदी चित्रपटगीतांसारखी चाल, चार ओळींची स्तुती आणि पुन्हा तीच. ती ऐकायला वाईट नसते. पण टिळकांचा अभंग देवाशी जी झोंबाझोंबी करतो, मोर्स अर्धा तास घेऊन जी वाट तुडवतो, तिचा यात मागमूस नाही. बाहेरच्या समाजाचे वागणेही मदत करणारे नाही. 2020 च्या जानेवारीत सोलापूरपासून जवळच, तेव्हाच्या उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले, तेव्हा एका धर्मगुरूला हा मान का, असा विरोध झाला. मराठीत ‘सुबोध बायबल’ देऊन साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेल्या माणसाबद्दल हा प्रश्न विचारला गेला. अशा हवेत तरुण ख्रिस्ती गीतकार बाहेरच्या श्रोत्यासाठी लिहायला कचरला तर दोष एकट्या त्याचा नाही.

हे सगळे एकत्र मांडल्यावर एक गोष्ट बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येते. श्रद्धा पालटल्याने गाणे बिघडत नाही आणि सुधारतही नाही. राम जोशी, टिळक, लिव्हग्रेन, मोर्स यांपैकी ज्याने जुन्या फडावर कमावलेली कारागिरी पुरीच्या पुरी नव्या ठिकाणी नेली, त्याचे गाणे टिकले. जिथे त्याने मंडळीतल्यांना आवडेल तेवढेच गायले, तिथे ते मंडळीतच राहिले. टिळक यात मोर्सपेक्षा मोठे ठरतात, आणि हे केवळ मराठी अभिमानाने म्हटलेले नाही: मोर्सने आपल्या प्रकारात ख्रिस्ताला आणले, टिळकांनी एका आख्ख्या समाजाच्या उपासनेची भाषा बदलली.

सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच गल्लीत नांदतात. चर्चमधली गाणीही त्याला अपवाद नाहीत. जुन्या चालींवर टिळकांचे आणि सांगळ्यांचे अभंग म्हणणारी, ख्रिस्ती कीर्तन पाहिलेली वयस्क माणसे या जिल्ह्यात आणि शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अजून आहेत. शब्द छापलेले आहेत, चाली मात्र फक्त त्यांच्या गळ्यात आहेत. विद्यापीठाच्या संगीत किंवा मराठी विभागाने, एखाद्या मंडळीने, नाहीतर हातात चांगला फोन असलेल्या कोणाही तरुणाने या लोकांना बसवून त्या चाली ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. आणि ज्यांच्या कपाटात ‘स्मृतिचित्रे’ आहे, त्यांनी तिच्या शेजारी ‘अभंगांजली’ही आणून ठेवावी.